शाई धावबाद झाली! ‘रन’ या एका शब्दाचं करायचं तरी काय?

कोरी पाटी:

नमस्कार मंडळी. मी भाषांतराचं काम करते. बहुतेक यंत्रांच्या माहितीपुस्तिका आणि त्यांच्या पडद्यावर उमटणाऱ्या सूचना. सध्या छपाईच्या एका मोठ्या यंत्राच्या पडद्यावरचा सगळा मजकूर मराठीत करतेय. काम आलं ते एका तक्त्यात. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, एकूण ६१२ ओळी. पडदा कसा दिसतो, कुठलं बटण कुठे आहे, काही कळायला मार्ग नाही. त्यात पाठवणाऱ्याने टापटीप दाखवत सगळ्या ओळी त्यांतल्या मुख्य शब्दाच्या एबीसीडीप्रमाणे लावून दिल्यात. म्हणजे कुठल्या ओळीच्या शेजारी मुळात काय होतं, एवढाच एक आधार होता, तोही गेला.

‘क्यू’पर्यंत बरं चाललं होतं. मग ‘रन’ आला. ४७ ओळी.

उजवा रकाना तसा रिकामा नव्हता. आधी कुणीतरी संगणकाकडून भाषांतर करून घेतलंय आणि मला ‘फक्त एक नजर फिरवा’ म्हणून सांगितलंय. नजर फिरवली. ‘इंक हॅज रन आउट’: शाई धावबाद झाली आहे. रात्री साडेअकराला एकटीच हसत बसले. पुढची ओळ, ‘रोलर इज रनिंग हॉट’: रोलर गरम पळत आहे. ‘रन इन द न्यू बेअरिंग्ज’: नवीन बेअरिंगमध्ये धावत जा. ‘डू नॉट लेट द पंप रन ड्राय’: पंपाला कोरडे पळू देऊ नका. दहाव्या ओळीनंतर हसू आटलं, कारण लक्षात आलं की यातला एकही अर्थ खोटा नाही. शब्दकोश उघडला तर ‘रन’खाली धावणे आहे, पळणे आहे, ‘रन आउट’खाली धावबादसुद्धा आहे. फक्त इथे हवा तो सोडून बाकीचे सगळे निवडलेत.

वाक्य पूर्ण असलं की माझं निभावतं. शाई संपली, रोलर तापतोय, हे काही अवघड नाही. पण प्रत्येक ओळीला मी नव्याने अंदाज बांधते आणि चार ओळींनंतर आधीचा अंदाज बदलते. याला काही रीत आहे का? शाळेत ‘रन म्हणजे धावणे’ शिकलो त्याच्यापुढे कुणी काही सांगितलंच नाही.

आणि या चार ओळींनी तर जीव खाल्लाय. एक, नुसतं ‘रन’. बटण असावं, कारण तक्त्यात इतरत्र ‘स्टार्ट’, ‘इंच’, ‘जॉग’ असे एकेकटे शब्द आहेत. दुसरी ‘ड्राय रन’. तिसरी ‘रन लेंग्थ’. चौथी ‘रन्स’. बस, एवढंच. पुढे नाही, मागे नाही. तिथे संगणकाने ‘धावा’ लिहिलंय आणि मला त्याहून बरं काही सुचत नाही, हे जास्त लागतंय.

खडूफळा:

कोरी पाटी, दमलेल्या तुम्ही एकट्याच नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती पुरी झाली १९२८ साली. दुसरी १९८९ ची, २० खंडांची. तिच्यात सगळ्यात लांबलचक नोंद होती ‘सेट’ची, सुमारे ४३० अर्थांची. मग तिसऱ्या आवृत्तीसाठी एकेक शब्द नव्याने तपासायला घेतले तेव्हा २००० साली ‘मेक’ पुढे गेला, २००७ साली ‘पुट’, आणि २०११ साली ‘रन’ने सगळ्यांना मागे टाकलं. एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाला ती एक नोंद लिहायला नऊ महिने लागले. तुम्ही ४७ ओळींना किती दिवस मागितलेत?

आता कबुली. मी तीसहून जास्त वर्षं इंग्रजी शिकवलं आणि दर जूनला फळ्यावर ‘रन, रॅन, रन: धावणे’ असंच लिहिलं. मुलांनी वहीत उतरवलं, मी पुढच्या शब्दाकडे वळलो. तुमचा शेवटचा टोमणा मला लागू पडतो.

खरं म्हणजे या शब्दात पहिल्यापासून दोन गोष्टी होत्या: पायांचं धावणं आणि पाण्याचं वाहणं. इंग्रजीची चुलत बहीण जर्मन. तिने दोन्ही वेगळे ठेवले. ‘रेनेन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणे, ठिबकणे. इंग्रजीत दोघांचा एकच शब्द झाला. म्हणून इंग्रजीत नदीही ‘रन’ होते, नाकही ‘रन’ होतं, आणि ते मागे लागलेल्या कुत्र्यापासून पळणाऱ्याइतकंच रीतसर असतं. पुढे यंत्रं आली. घड्याळ, गिरणी, इंजिन, आगगाडी, वीज, संगणक, जे जे एकदा सुरू करून दिल्यावर आपलं आपण चालू राहतं त्या सगळ्यांना इंग्रजीने हाच शब्द लावला. अर्थ फुगले ते या शेवटच्या खेपेत.

अर्धविराम:

मी उपशीर्षकं लिहितो, म्हणजे पडद्याच्या तळाशी पळणाऱ्या ओळी. तुमच्यासारखंच ‘रन’ने मला पुष्कळ छळलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खडूफळा काकांच्या ६४५ ला घाबरू नका. ते अर्थ पाठ करायचे नसतात, आणि इंग्रजांनीही केलेले नाहीत. मी ‘रन’कडे बघतच नाही. आधी बघतो, धावतंय कोण? आणि मग, पुढे कर्म आहे का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे मराठी माणूस हमखास पडतो. आपल्याकडे ‘चालणे’ आणि ‘चालवणे’, ‘पळणे’ आणि ‘पळवणे’ अशा जोड्या आहेत. ‘-वणे’ लागलं की कळतं, हे आपोआप होत नाहीये, कुणीतरी करतंय. इंग्रजीत ‘रन’ला असं शेपूट नाही. ‘शी रन्स’ म्हणजे ती धावते आणि ‘शी रन्स अ स्कूल’ म्हणजे ती शाळा चालवते. शब्द तोच, फक्त पुढे कर्म येऊन बसलं. ‘द टॅप इज रनिंग’, नळ वाहतोय. ‘रन द टॅप’, नळ सोड. ‘आय रॅन हिम टु द स्टेशन’, मी त्याला गाडीने स्टेशनवर सोडलं. यातला कुणीही पळत नाही. तुमच्या ४७ ओळींपैकी ज्या ओळीत ‘रन’नंतर लगेच वस्तू आहे तिथे आधी ‘चालवा’ किंवा ‘सोडा’ घालून बघा.

आता पहिला प्रश्न, कोण धावतंय. पाय असलेलं असेल तर धावणे, पळणे. पाणी, रंग, नाक, शाई असेल तर वाहणे, गळणे, ओघळणे. यंत्र, दुकान, सरकार, करार, नाटक असेल तर चालणे. रस्ता, कुंपण, तार असेल तर ‘जाणे’: रस्ता डोंगराच्या कडेने जातो. इंग्रज म्हणतो रस्ता धावतो आणि आपल्याला हसू येतं, पण आपला रस्ता तरी कुठे उठून जातो? पत्र असेल तर ‘पत्राचा मजकूर असा’. एकाच खटल्यातल्या दोन शिक्षा ‘रन कंकरंटली’ असतील तर त्या एकत्रित भोगायच्या असतात, आणि इथे ‘चालतात’ लिहिलं तर वकील तुम्हाला सोडणार नाही.

मग येतात ते शेपटाचे: आउट, डाउन, ओव्हर, इन, अप, ऑफ. इथे ‘रन’ जवळजवळ विसरायचा आणि जोडी अख्खी उचलायची. एकट्या ‘रन डाउन’चं बघा. बॅटरी उतरते. इमारत मोडकळीला येते. माणसाला गाडी उडवते. कुणी कुणाला नावं ठेवतो. आणि कुणी नुसता थकून गळून गेलेला असतो.

या शेवटच्या दोन-तीन अर्थांनी माझी एकदा चांगलीच जिरवली. एका मालिकेत आधीच्या दृश्यात रस्त्यावर अपघात होतो. पुढच्या दृश्यात डॉक्टर एका बाईंना तपासून म्हणतात, ‘यू आर रन डाउन.’ मी लिहून मोकळा: ‘तुम्हाला गाडीने उडवलंय.’ बाई खुर्चीत बसलेल्या, हातात पर्स, केस नीट विंचरलेले. अपघात झालेला माणूस वेगळाच होता. या बिचाऱ्या नुसत्या थकल्या होत्या आणि डॉक्टर त्यांना विश्रांती सांगत होते. तपासणाऱ्याच्या नजरेत आलं म्हणून वाचलो. तेव्हापासून ‘संदर्भ बघा’ असं कुणी मोघम सांगितलं की मी विचारतो, कुठला संदर्भ? मला संदर्भानेच फसवलं होतं. ‘यू आर’ आणि ‘यू वेअर’ यातला फरक पाहिला असता तर पुरे होतं.

आणखी एक. ‘रन’नंतर विशेषण आलं की त्याचा अर्थ ‘होणे’ एवढाच उरतो. ‘रन लो’, कमी होत येणे. ‘रन लेट’, उशीर होणे. ‘रन ड्राय’, आटणे, कोरडं पडणे. ‘रन हॉट’, तापणे. तुमचा रोलर ‘गरम पळत’ नाहीये, तापतोय, हे तुम्ही आधीच बरोबर ओळखलंत.

जाता जाता एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला ‘रन’ करतो, म्हणजे धावतो. ब्रिटनमध्ये तोच उमेदवार ‘स्टँड’ करतो. आपला उमेदवारही उभाच राहतो. मी एकदा १९३० च्या दशकातल्या अमेरिकेवरच्या एका माहितीपटाचं काम केलं. दहा मिनिटांत तीन ‘रन’. १९३२ साली रूझवेल्ट अध्यक्षपदासाठी ‘रन’ करतात, तिथे मी ‘निवडणूक लढवतात’ घातलं. मग बँकांवर ‘रन’ येतो, तिथे ‘ठेवी काढायला झुंबड उडते’. मग ६ मार्च १९३३ ला नवे अध्यक्ष घोषणा काढून देशातल्या सगळ्या बँका काही दिवस बंद ठेवतात आणि निवेदक विचारतो, या बँका ‘रन’ कोण करत होतं? ‘चालवत’. इंग्रजीत एकाच शब्दावर निवेदकाने खेळ केलाय, हे मला दिसत होतं. मराठीत तो खेळ गेला. दोन दिवस झटापट केली आणि सोडून दिलं.

शून्यापासून:

अर्धविराम यांच्याशी बरंचसं सहमत, पण एक मोठी जागा सुटलीये. कोरी पाटींच्या चारही ओळींत क्रियापद जेमतेम एका ठिकाणी आहे. बाकी तिन्हीकडे ‘रन’ हे नाम आहे, आणि नामाला ‘धावतंय कोण’ विचारून उपयोग नाही. आमच्या धंद्यात ‘रन’ म्हणजे एक खेप: सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकदा चालवणं. आज चाचणीचे सहा रन झाले, चौथा पडला, असं आम्ही दिवसभर बोलतो. त्याला मराठीत ‘फेरी’ बरा शब्द आहे.

मी प्रोग्रॅमिंगकडे वळायच्या आधी यंत्रांच्या नियंत्रण पॅनेलवर काम केलंय, म्हणून पहिल्या ओळीबद्दल खात्रीने सांगतो. ‘इंच’ आणि ‘जॉग’ म्हणजे बटण दाबून धराल तेवढा वेळ यंत्र हळूहळू सरकतं. बोट काढलं की थांबतं. रोलर पुसताना, कागद ओवताना ते वापरतात. ‘रन’ म्हणजे बोट काढलं तरी चालतच राहतं. तेव्हा ‘रन’ला नुसतं ‘चालवा’ लिहू नका, कारण जॉगनेही यंत्र चालतंच. ‘सलग चालवा’ लिहा. यंत्रात हात घातलेल्या माणसाला हा फरक बोटांच्या किमतीचा आहे. आणि ‘चालू’ तर अजिबात नको. बटणावर ‘चालू’ लिहिलं की वाचणाऱ्याला कळत नाही, हे यंत्र आत्ता चालू आहे अशी बातमी आहे की चालू करा असा हुकूम आहे. शिवाय चालू म्हटलं की मला आमचा एक जुना सहकारीच आठवतो.

‘रन लेंग्थ’ला लांबी लिहिलंत तर फूटपट्टी शोधत बसतील. छपाईत एका खेपेला जितक्या प्रती काढायच्या, तो आकडा. ‘प्रतींची संख्या’ लिहा आणि पुढे चला.

‘ड्राय रन’ मात्र मजेशीर आहे. एरवी त्याचा अर्थ खऱ्या कामाआधी एकदा करून बघणे. त्याला आपल्याकडे आयता शब्द आहे, रंगीत तालीम. पण तुमचं यंत्र छपाईचं! शाई न भरता नुसतं फिरवून बघायचं, त्याला ‘रंगीत तालीम’ म्हणालात तर कुणीतरी चारही रंग भरून बसेल. ‘शाईविना चाचणी’ सरळ आहे. आणि हे ‘रन ड्राय’शी मिसळू देऊ नका. ‘ड्राय रन’ आपण मुद्दाम करतो, ‘रन ड्राय’ होऊ नये म्हणून धडपडतो. पंप पाण्याविना फिरला की त्याचं सील तापून जातं. शब्द तेच दोन, क्रम उलटा, आणि एक तालीम तर दुसरा खर्च.

‘रन्स’: फेऱ्या. पैज.

टाकेटिपे:

मी शिवणकाम करते, भाषांतराशी माझा संबंध नाही. पण धागा वाचताना राहवलं नाही म्हणून लिहिते. तुम्ही सगळे ‘रन’ला धावणे लावलं म्हणून हसताय, पण आमच्याकडे ते अगदी बरोबर बसलंय. सगळ्यात साधा टाका, सुई खालीवर करत सरळ पुढे नेत जायचं, त्याला इंग्रजीत ‘रनिंग स्टिच’ म्हणतात आणि मराठीत ‘धावदोरा’. आईने मला पहिला तोच शिकवला. कुणाला विचित्र वाटत नाही.

कापडाचा रंग ‘रन’ होतो म्हणजे धुताना जातो, शेजारच्या रंगात उतरतो. लांब तलम मोज्यातला एक धागा तुटून वरपासून खालपर्यंत शिडीसारखी रेघ पडते, तिला अमेरिकन बायका ‘रन’ म्हणतात आणि ब्रिटिश बायका ‘लॅडर’. ‘रन अप अ फ्रॉक’ म्हणजे झटपट शिवून टाकणे, धावत कुठेही जायचं नसतं. आणि कापडावर हाताने रंगवताना रंग पातळ झाला, जास्त भरला, की खाली ओघळ येतात, त्यांनाही ‘रन्स’ म्हणतात. माझ्या रंगांच्या डब्यावरच्या सूचनेत छापलंय. तुमच्या चौथ्या ओळीवर ‘शून्यापासून’ यांनी पैज लावलीये, मी लावत नाही. नुसतं सांगितलं.

खडूफळा:

अवांतर, पण ‘धावबाद’वरून आठवलं. क्रिकेटमधली ‘धाव’ तरी कुठे धावते? चेंडू सीमेपार गेला की दोन्ही फलंदाज जागच्या जागी उभे आणि फळ्यावर चार धावा. अठराव्या शतकात इंग्रज धावा मोजायचे काठीवर खाचा पाडून, आणि धावेला म्हणायचेही ‘नॉच’, म्हणजे खाच. तो शब्द टिकला असता तर आज आपण शतकाला शंभर खाचा म्हणालो असतो आणि कोरी पाटींची शाई नुसती संपली असती.

आणखी एक, मग थांबतो. ‘रन द गाँटलेट’ हा प्रयोग तुम्ही वाचला असेल, दोन्ही बाजूंनी मार खात जाणे. गाँटलेट म्हणजे लोखंडी हातमोजा, म्हणून वर्षानुवर्षं मी मुलांना हातमोज्याची काहीतरी गोष्ट जुळवून सांगत होतो. साफ चूक. मूळ शब्द स्वीडिश, ‘गाटलोप’. ‘गाट’ म्हणजे गल्ली, ‘लोप’ म्हणजे धाव. शिक्षा झालेल्या शिपायाला उघड्या अंगाने सैनिकांच्या दोन रांगांमधून पळायला लावत आणि दोन्हीकडून फटके देत. इंग्रजांनी सतराव्या शतकात तो शब्द उचलला, त्यांना तो नीट ऐकू आला नाही, आणि ओळखीचा हातमोजा त्याच्या जागी बसला. म्हणजे या प्रयोगात धावणं दोनदा आहे, एकदा इंग्रजी आणि एकदा स्वीडिश, आणि मोजा एकदाही नाही.

कोरी पाटी:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री बसून ४७ पैकी ४६ ओळी केल्या. ‘कर्म आहे का’ या एका प्रश्नाने जवळपास निम्म्या सुटल्या, हे अर्धविराम यांना सांगायलाच हवं. ‘सलग चालवा’ जसंच्या तसं घेतलं. ‘रन इन द न्यू बेअरिंग्ज’ला बराच वेळ अडले होते, आणि मग आठवलं की नव्या गाडीला आपण काय म्हणतो? रुळू दे म्हणतो. ‘नवीन बेअरिंग रुळू द्या.’ त्या ओळीवर मी खूश आहे.

मधेच एक गंमत झाली. हे यंत्र बनवणाऱ्यांकडची एक बाई, मराठी शिकतेय हौसेने, तिच्याशी पत्रव्यवहार चालू आहे. ‘रन’बद्दल मी जरा कुरकुर केली, तर तिने उलट विचारलं की ‘लागणे’ म्हणजे नेमकं काय ते दोन ओळींत सांग. बसले लिहायला. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, डोळा लागतो, नोकरी लागते, निकाल लागतो, दार लागतं, वेड लागतं. बस लागते म्हणजे थांब्यावर येऊन उभी राहते आणि बस लागते म्हणजे पोटात ढवळतं. ती माझी कोण लागते? मला जायला लागेल. पाऊस पडायला लागला. पहिल्याच पोस्टमध्ये मीच लिहिलंय, ‘हे जास्त लागतंय’. दोन ओळींची दोन पानं झाली. तिचं उत्तर आलं: मला अजून किती दिवस लागतील? बरोबर वापरलंन की हो!

राहिलेली ४७वी ओळ अर्थातच ‘रन्स’. ‘फेऱ्या’ लिहून प्रश्नचिन्ह टाकलंय आणि पडद्याचा फोटो मागवलाय.

अर्धविराम:

‘रुळू द्या’ उत्तम. मला सुचलं नसतं, मी ‘सुरुवातीला हळू चालवा’ वगैरे काहीतरी पांचट लिहिलं असतं.

‘रन्स’ला फोटो मागवलात ते बरं केलंत. एकट्या शब्दाला मी कधीच हात लावत नाही, भले चार दिवस उशीर होवो. शून्यापासून यांची पैज मात्र मला पटतेय. यंत्र आहे, आकडा असेल पुढे: फेऱ्या ४, फेऱ्या ५.

शून्यापासून:

पुढे आकडा नसेल तर मी टाकेटिपेताईंकडून धावदोरा शिकेन.

कोरी पाटी:

फोटो आला. आठवडा गेला, तोवर मी ‘एस’ पुरा करून ‘टी’त शिरले होते.

छपाई झाल्यावर कागदावर वरून जो चकचकीत लेप देतात, त्याचा वेगळा पडदा आहे. त्याला मथळा आहे ‘डिफेक्ट्स’, म्हणजे दोष. खाली तपासनिसाने खूण करायच्या चौकटी, एकाखाली एक: ‘पिनहोल्स’, ‘रन्स’, ‘सॅग्ज’. पुढे आकडा नाही. लेप जास्त पातळ झाला की खाली उतरत जाणाऱ्या रेघा. टाकेटिपेताई, ओघळ. तुमच्या रंगाच्या डब्यावर होतं तेच. ‘धावा’ खोडून, ‘फेऱ्या’ खोडून ‘ओघळ’ लिहिलं.

शून्यापासून, सुईदोरा घेऊन बसा.

आणि आता जरा पोटात गोळा आलाय. ‘पिनहोल्स’ ठीक आहे, ‘बारीक छिद्रं’ केलं होतं. पण त्याच यादीतला ‘सॅग्ज’ मी गेल्या मंगळवारी कागद सैल पडतो असं समजून बिनधास्त ‘झोळ’ करून टाकलाय. तो इथे लेपाचाच दोष आहे, जाड थर लोंबून खाली येतो तो. तक्त्यात ‘सॅग’च्या एकूण नऊ ओळी आहेत आणि कुठली कागदाची, कुठली लेपाची, हे फोटोत दिसतंय ते फक्त एकीचं. बाकीचे आठ फोटो मागवायला पत्र लिहितेय.